चांदणीवाली नोट आणि धातूचे डोळे

भाजीवाल्याने नोट परत केली. पाचशेची, करकरीत, बँकेतून आणलेली. "ताई, ही नको, दुसरी द्या. मधी चांदणी ए." म्हटलं अहो चांदणी असली म्हणून काय झालं, तर म्हणे मोबाइलवर आलं होतं, चांदणीवाली खोटी असते. शेजारच्या कोथिंबीरवाल्या मावशींनी पण मान डोलावली, त्यांच्या मुलाने सांगितलं होतं म्हणे. जेलरोडची संध्याकाळची गर्दी, मागून रिक्षावाला हॉर्न देतोय, पिशवीतून मेथीची जुडी लोंबतेय आणि मी त्या माणसाला रिझर्व्ह बँक समजावून सांगतेय, की बाबा रे, ही अफवा इतकी पसरली की २०२३ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला, नोट शंभर टक्के खरी आहे, छापताना एखादी नोट खराब निघाली की तिच्या जागी जी दुसरी घालतात तिच्या नंबरात मध्ये ही चांदणी असते, २००६ पासूनची पद्धत आहे, बाकी कागद तोच, गांधीजी तेच, किंमत तीच. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, भेंडीवर पाणी शिंपडलं आणि म्हणाला, "म्हणजे डुप्लिकेटच ना मग?"

मी दुसरी नोट दिली.

पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात कुरकुरत राहिलं. गेलेल्याच्या जागी अगदी तसाच दुसरा आणून बसवला तर तो तोच की डुप्लिकेट, या एका प्रश्नावर सायन्स फिक्शनवाल्यांनी हजारो पानं खर्ची घातलीत, मी कॉलेजपासून ती वाचत आलेय, आणि जेलरोडवर उभं राहून मला धड उत्तर देता येत नाही म्हणजे काय.

आमचं घर प्रेसवालं. नाशिकरोडला "प्रेसमध्ये आहेत" एवढं सांगितलं की पुढे काही विचारावं लागत नाही. अण्णा नोटप्रेसमध्ये, तपासणीला. लहानपण सगळं नेहरूनगरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. कामाबद्दल घरात एक अक्षर बोलायचे नाहीत, आम्हाला वाटायचं बाबा गुप्तहेर आहेत, पण डोळ्यांची सवय मात्र त्यांच्याबरोबर घरी यायची. लग्नपत्रिका आली की अण्णा आधी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरणार, मग जराशी तिरकी करणार, मग कडेवरून अंगठा फिरवणार, डावा अंगठा, कारण अण्णा डावरे, आणि हे सगळं झालं की मग कोणाचं लग्न आहे ते वाचणार. माझ्या दहावीच्या मार्कशीटवरचा शिक्का किती सरकलाय ते त्यांनी आधी बघितलं आणि गणितात किती पडले ते नंतर. चांदणीचं मला त्यांनीच सांगितलेलं, रिटायर झाल्यावर, दहाच्या एका नोटेवर बोट ठेवून. बंडलात नोटा शंभरच असतात, पण अशी बदली नोट असली की नंबर ओळीने लागत नाहीत, आणि तसं वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. "लपवायचं नाही," म्हणाले. "जागा भरलीय, पण दुसरी आहे, हे दिसायला पाहिजे." त्या दिवशी मला ते फारच सरकारी वाटलं होतं.

माझं सायन्स फिक्शनचं वेड अण्णांच्या डोक्यावरून जायचं. मेलेला माणूस परत येतो ते सायन्स कसं काय, असं विचारायचे, आणि मग स्वतःच म्हणायचे, हे तर आमच्या कीर्तनात पण होतं. २०२१ च्या डिसेंबरात आडगावला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष साक्षात जयंत नारळीकर, विज्ञानकथा लिहिणारा माणूस त्या खुर्चीवर, मला कोण आनंद, अण्णांना ओढत घेऊन गेले. नारळीकर तब्येतीमुळे येऊच शकले नाहीत. त्यांचं भाषण आलं, ते आले नाहीत. अण्णा पुस्तकांच्या स्टॉलवर एकेक पुस्तक उघडून कागद उजेडात धरत होते आणि मध्येच म्हणाले, अध्यक्ष नसले तरी संमेलन चालतं की. टोमणा होता की कौतुक, कळलं नाही.

अण्णा गेले त्याला आता बरेच दिवस झाले. म्हणजे आई त्यांच्या खुर्चीवर वाळलेले कपडे ठेवायला लागली, इतके.

भाचा सुट्टीत पुण्याहून येतो. एकदा आम्ही दोघं टीव्हीवर 'ड्यून' बघत बसलो होतो, २०२१ चा, पहिला भाग. त्यातला डंकन आयडाहो त्याला भयंकर आवडला, दाढीवाला, दणकट, हसरा, आणि मग तो डंकन दार अडवून एकटा लढतो आणि मरतो. भाचा इतका वैतागला की रिमोटच ठेवून दिला. म्हटलं अरे येईल तो परत, पुढच्या पुस्तकात. "म्हणजे कोणी रिव्हाइव्ह करतं का त्याला, आत्या?" आता रिव्हाइव्ह हा शब्द या पोरांच्या तोंडात आपल्या 'राज्य आलं'सारखा बसलेला आहे, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रोज संध्याकाळी चार-पाच टाळकी मोबाइलमध्ये डोकं घालून ओरडत असतात, "भाई नॉक झालो, रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे!" त्याने मला रीतसर शिकवलं. गोळी लागली की आधी माणूस नॉक होतो, रांगत राहतो. टीममधला कोणीतरी येऊन दहा-एक सेकंद त्याच्यापाशी बसला तर तो उठतो, पण तेवढे सेकंद बसणाऱ्याला हलता येत नाही, तेवढ्यात त्यालाच कोणी उडवलं तर दोघंही गेले. आणि नॉक असताना परत गोळी बसली की फिनिश, मग काही नाही. मला ते दहा सेकंद फार आवडले. उठवणाऱ्याने आपला जीव टांगणीला लावायचा, हा नियम ज्याने केला त्याला गोष्टी कळतात.

मी त्याला गाडीवरून गोदाघाटावर नेलं होतं तेव्हा दुतोंड्या मारुतीपाशी उभं राहून तो म्हणाला, "आत्या, लक्ष्मण नॉक झाला होता, फिनिश नाही. म्हणून संजीवनी चालली." मारुतीच्या तेव्हा पायालाही पाणी नव्हतं, दोन पोरं खाली बसून वडापाव खात होती. पुराला पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं हे अख्खं नाशिक एकमेकांना विचारतं, पण संजीवनीचा डोंगर उचलणारा तो हाच, हे मला त्या पोराने सांगेपर्यंत कधी जोडून सुचलं नव्हतं.

असो. डंकन. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' मालिकेतली पहिली कादंबरी १९६५ ची, त्यात डंकन मरतो. १९६९ च्या दुसऱ्या कादंबरीत तो परत येतो, आणि इथून पुढे ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. गोष्टीचा नायक पॉल, ज्याच्यासाठी डंकन लढत होता, तो आता सम्राट झालाय आणि त्याला भेट म्हणून एक माणूस पाठवला जातो. ट्लेलाक्सू नावाची एक जमात आहे, ते मेलेल्या माणसाच्या मांसातून माणूस परत उभा करतात, त्याला घोला म्हणतात. चेहरा डंकनचा, चाल डंकनची, तलवारीवरचा हात डंकनचा. नाव मात्र हेट, त्याला आधीचं काही आठवत नाही, आणि डोळे धातूचे. बाकी सगळं मांस परत आणणाऱ्या लोकांनी डोळे तेवढे धातूचे बसवले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं लेखकाला नुसतं भयानक काहीतरी हवं होतं. भाजीवाल्याच्या प्रसंगानंतर मी तो भाग परत काढून वाचला आणि अंगावर काटा आला, कारण ती चांदणीच आहे. पॉल त्याच्याशी बोलतो, त्याला जवळ ठेवतो, हा सापळा आहे हे माहीत असून ठेवतो, पण दर वेळी तोंडाकडे बघितलं की त्या धातूच्या डोळ्यांत आपलंच प्रतिबिंब. विसरायची सोयच नाही. आणि सापळा तरी कसला, तर या घोलाच्या मनात पॉलला मारायची आज्ञा पेरून ठेवलेली असते, ठरलेल्या क्षणी तो हात उगारतो, आणि ज्याच्यावर इतकं प्रेम केलं त्याच्यावर वार करायचा या धक्क्यानेच आतला खरा डंकन जागा होतो, सगळं आठवतं. किती सुंदर. पण लगेच पुढच्या पानांवर कळतं की ट्लेलाक्सूंना हेच सिद्ध करून दाखवायचं होतं. पॉलची जिवाभावाची जोडीदार, चानी, नुकतीच बाळंतपणात गेलेली असते. ते म्हणतात, बघितलंस, आठवणींसकट आणता येतो माणूस, तुझी चानी पण आणून देतो, बदल्यात आम्ही मागू ते दे.

पॉल नाही म्हणतो. मी त्या पानावर पुस्तक पालथं घालून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

या एका नाहीमुळे मला ते विश्व खरं वाटतं. कारण ज्या विश्वात मेलेला परत येतो तिथे लेखकाची पहिली पंचाईत हीच असते, की एकदा दार उघडलं की मग सगळेच का नाही? मरणाची भीती गेली की गोष्टीत उरतं काय? स्टार ट्रेकवाल्यांनी हे एकदा उत्तम केलं आणि एकदा माती केली. १९८२ च्या सिनेमात स्पॉक मरतो, काचेपलीकडे, मित्राला, म्हणजे अंतराळयानाचा कप्तान कर्क त्याला, हात लावता येत नाही. १९८४ मध्ये तो परत येतो, पण त्यासाठी कर्कला नोकरी पणाला लावून जहाज चोरावं लागतं, ते जहाज स्वतःच्या हाताने उडवावं लागतं, पोटचा मुलगा जातो. आणि एवढं करून परत आलेला स्पॉक धड कोणाला ओळखत नाही, चाचपडत चाचपडत मित्राचं नाव त्याच्या तोंडात येतं. त्याच्या पुढच्या सिनेमात तर फारच गंमत आहे, तो कॉम्प्युटरसमोर बसून भराभर अवघड प्रश्नांची उत्तरं देत असतो आणि मध्येच प्रश्न येतो, तुला कसं वाटतंय, तिथे तो अडकतो. प्रश्नच कळत नाही त्याला. आई त्याची बाजूला उभी. हे मला पटतं. आणि मग २०१३ चा नवा सिनेमा, त्यात कर्क मरतो, खलनायकाच्या रक्ताची सुई टोचतात, दोन आठवड्यांनी स्वारी दवाखान्यात डोळे उघडून विनोद करतेय. ना कोणाला काही द्यावं लागलं ना कुठे काही हललं. आणि ती सुई मग सगळ्या दवाखान्यांत का नाही ठेवली, हे कोणी विचारायचं नाही. तसं बघायला गेलं तर त्यांचं ते ट्रान्सपोर्टर यंत्र, माणूस इकडे विरघळवायचा आणि तिकडे जोडायचा, ते तरी काय, रोजचं मरण आणि रोजचं उठणं, पण तिथे चांदणी नाही म्हणून कोणाला काही वाटत नाही. फक्त त्या जहाजावरच्या डॉक्टर मॅकॉयला ते यंत्र आवडत नाही. मी असते तर मलाही आवडलं नसतं.

ब्रिटिश लोकांनी वेगळीच युक्ती काढली. त्यांच्या 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेत १९६६ साली मुख्य नटाची तब्येत साथ देईना, तर त्यांनी पात्राचा चेहराच बदलून टाकला, तोच माणूस, नवं शरीर, नवा स्वभाव. अडचणीतून निघालेली आयडिया, पण बघा, इथे चांदणी थेट तोंडावर छापलीय.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर आपला कच घ्या. खाली कोपरगावला, आपल्याच गोदावरीच्या काठी, बेटात शुक्राचार्यांचं देऊळ आहे, लोक म्हणतात संजीवनी मंत्र इथलाच. तिथल्या एका साखर कारखान्याचं नावही आधी संजीवनीच होतं. एकदा शिर्डीहून येताना आई म्हणाली म्हणून आम्ही गेलो होतो, दुपारची वेळ, फरशी तापलेली, आई सावलीच्या पट्ट्यातून पाय उचलत चालत होती. कचाची गोष्ट सगळ्यांनाच माहितीय, लांडग्यांना घातला, दळून समुद्रात मिसळला, राख करून गुरूच्याच मद्यात कालवला. पण मला लहानपणी त्यातला शेवट कळायचाच नाही. एवढं करून कच जिवंत होतो, देवयानी म्हणते आता लग्न कर, आणि हा म्हणतो मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, आता मी तुझा भाऊ. वाटायचं काय हा कृतघ्नपणा. आता वाटतं, किती विचार करून रचलंय. परत येण्याच्या वाटेनेच नातं बदललं. जिने हट्ट करून तीन तीनदा उठवलं तिच्याच कामाचा तो राहिला नाही. मग तिचा शाप, की ही विद्या तुला फळणार नाही. फुकट काहीच नाही या गोष्टीत, एक एक पैसा वसूल केलाय.

डंकनचं पुढे काय झालं ते भाच्याला मी सांगितलं नाही, त्याला वाचू दे. नंतरच्या एका पुस्तकात साडेतीन हजार वर्षं उलटलीत, पॉलचा मुलगा राज्य करतोय, अर्धा माणूस अर्धा किडा झालेला, आणि त्याने एकामागून एक डंकन मागवलेत. एक मेला की दुसरा. प्रत्येक जण जागा होतो तो पहिल्या मरणापर्यंतच्या आठवणी घेऊन, त्याच निष्ठा, तोच अभिमान, आणि बाहेर बघतो तर ओळखीचं एकही तोंड नाही. बंडलात शंभर आहेत पण नंबर ओळीने लागत नाहीत. बऱ्याच डंकनांना शेवटी त्या राजालाच मारावंसं वाटतं आणि त्यात तेच मारले जातात. मी हे वाचताना सारखा एक वेगळाच विचार करत होते, की बरं, समजा, नाशिकला कोणी ट्लेलाक्सू आला आणि म्हणाला अण्णांना आणून देतो, तर कुठले अण्णा मागायचे? गेममध्ये सेव्ह पॉइंट असतो तसा. शेवटच्या दिवसापर्यंतच्या आठवणींचे हवेत, तर ते शेवटचे महिने पण आले, ज्यात ते मला आईच्या नावाने हाक मारायचे. त्याआधीचे मागितले तर रिटायर झालेले, सकाळी उठून रिकामेच गेटपर्यंत जाऊन येणारे, जरा हरवलेले. अजून मागचे, तर कडक, गप्प, मला पत्रकारितेला जायचंय म्हटल्यावर दोन आठवडे न बोललेले. ते अण्णा आज परत आले तर माझ्याहून लहान असतील वयाने, आणि आमचं भांडण अजून मिटलेलं नसेल, आणि ते मिटलं होतं हे फक्त मला माहीत असेल. आणि आईने काय करायचं, पंचेचाळिशीच्या नवऱ्याला सत्तरीच्या बाईने?

खरं सांगायचं तर मी ट्लेलाक्सूला परत पाठवला. मग अर्ध्या तासाने परत बोलवावासा वाटला.

माणसं प्रत्यक्षात हे करून बसलीत. अमेरिकेत जेम्स बेडफर्ड नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक १२ जानेवारी १९६७ ला कॅन्सरने गेले आणि त्यांचं शरीर गोठवून ठेवलं, पुढेमागे विज्ञान उठवेल म्हणून. अजूनही आहेत ते तिथे, उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये. ते काही आपल्याला अगदीच अनोळखी नाही. मामाच्या मळ्यात गाय माजावर आली की डॉक्टर मोटरसायकलवर तीच टाकी बांधून यायचा, झाकण उघडलं की पांढरा धूर भसकन गवतावर सांडायचा, आणि त्यातून चिमट्याने काडीएवढी नळी काढायची. गाय भरवली की मामा एकदा म्हणाला, ह्याचा बैल मरून वर्षं झाली. आम्ही पोरं टाकीकडे बघतच राहिलो. पण थेंबभर बीज वेगळं आणि अख्खा माणूस वेगळा. माणूस गोठवताना पेशीतल्या पाण्याचा बर्फ झाला की आतून सगळं फाटतं, म्हणून रक्ताच्या जागी औषधं भरून काचेसारखा गोठवतात, आणि त्यातून उठवायचा कसा हे कोणालाच येत नाही. शिवाय नायट्रोजन उडून जातो, सारखा भरत राहावा लागतो. त्या सुरुवातीच्या काळात कॅलिफोर्नियातल्या एका दफनभूमीत अशी काही शरीरं ठेवली होती, नातेवाईकांचे पैसे येईनासे झाले, नायट्रोजन भरणं थांबलं, आणि ती आतल्या आत वितळून गेली. बेडफर्डना त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं म्हणून ते टिकले. आणि स्पेनमधली ती डोंगरी बोकडाची जात, बुकार्डो, तिची शेवटची मादी जानेवारी २००० मध्ये झाड अंगावर पडून मेली. तिच्या कातडीच्या पेशी आधीच गोठवून ठेवलेल्या होत्या, त्यातून २००३ मध्ये एक पिल्लू जन्माला आणलं. फुप्फुस बिघडलेलं होतं, काही मिनिटं जगलं. पृथ्वीवरून दोनदा नाहीशी झालेली जात म्हणतात तिला.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच भावाने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला.

अण्णांचा. फोटो ओळखीचा, हॉलमध्ये लावलेला तोच, छातीपर्यंतचा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यात अण्णा हलले. आधी पापण्या मिटल्या, मग मान जराशी कलली, मग हसले, आणि फोटोत नसलेला हात खालून वर आला आणि त्यांनी आमच्याकडे बघून टाटा केला. आठ-दहा सेकंदांचा असेल. काकूने रडण्याचे पाच चेहरे टाकले, आतेभावाने हात जोडले. मी स्वयंपाकघरात होते, गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. शर्टाच्या कॉलरला जी सुरकुती होती ती मान हलल्यावर हलली, बरोबर हलली, आणि मला आधी राग आला आणि त्याच्या मागोमाग इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचा परत राग आला. आईला दाखवावं की नाही यावर मी नि भाऊ फोनवर कुजबुजत भांडत होतो तोवर आईने स्वतःच्या फोनवर बघितलं होतं. चष्मा वर करून, फोन उजेडाकडे धरून, जराशी तिरकी मान करून, परत लावून, परत. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "ह्यांचा उजवा हात कधीपासून हलायला लागला?"

फोटोत हात नव्हतेच ना. मशीनने आपल्या मनाने हात काढला, आणि जगात बहुतेक माणसं उजवा हात हलवतात म्हणून उजवा काढला. चाळीस वर्षं आईने ज्या माणसाच्या डाव्या हाताला ताटात जागा ठेवली, लग्नात भटजी ओरडले होते म्हणे उजव्या हाताने अक्षता घ्या म्हणून, त्या माणसाला मशीनने एका झटक्यात सरळ करून टाकलं. मला हसू आलं आणि सुटल्यासारखं झालं. चांदणी होती. बघता येत होता तो व्हिडिओ, कारण दुसरी आहे हे दिसत होतं.

भाऊ इंजिनिअर आहे, त्याला चूक दिसली की हात शिवशिवतात. रात्री जेवणाच्या आत दुरुस्त करून पाठवला. आता डावा हात. अंगठा जरा बाहेर काढून, अगदी अण्णांसारखा, हे त्याला कसं जमलं विचारलं तर म्हणाला सांगितलं तसं त्याला, लेफ्ट हँडेड, थंब आउट. या दुसऱ्या व्हिडिओत मला बोट ठेवायला काही सापडेना. मी तो दोनदा बघितला आणि डिलीट केला, मग ग्रुपवर होताच म्हणून परत बघितला. भावाला म्हटलं कोपऱ्यात काहीतरी खूण तरी टाक. तो म्हणाला, अगं घरातल्या घरात कशाला, आपल्याला माहितीय ना. आता आपल्याला माहितीय. भाच्याच्या पोरांना काय माहीत असणार आहे, की पणजोबा कॅमेऱ्याकडे बघून असा टाटा करणारे नव्हते, फोटो काढताना श्वास रोखून बसायचे?

तो एवढ्यावर थांबला नाही. अण्णांच्या आवाजातल्या व्हॉट्सॅपच्या क्लिपा त्याच्याकडे आहेत, माझ्याकडे पण आहेत, गॅसचा नंबर लावला का, येताना ब्रेड आण, असल्या. तेवढ्यावरून आवाज बनतो म्हणाला, आपण बोललो की उत्तर पण देतो. मागच्या रविवारी तो आला होता, आईच्या शेजारी सोफ्यावर बसून तिला अ‍ॅप दाखवत होता, भाचा खाली पाय पसरून गेम खेळत होता, मी शेंगा सोलत होते आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. भाऊ म्हणाला, आई, फ्री ट्रायल आहे आठवडाभर, नंतर पैसे भरायचे.

"कितीचं आहे?" आईने विचारलं. तिला पहिल्यांदा किंमत लागते.

त्याने आकडा सांगितला.

"वर्षाला?"

"नाही, महिन्याला."

"आणि एखाद्या महिन्यात नाही भरले तर?"

"तर बंद होईल. परत भरले की परत चालू."

आईने माझ्या पुढ्यातल्या ढिगातली एक शेंग उचलली, सोलली, दाणे माझ्या वाटीत टाकले.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "दहावं-तेरावं एकदा केलंय. दर महिन्याला कोण करत बसेल?"

भाच्याने गेममधून मान वर केली आणि आधी तोच फिस्सकन हसला, मग आम्ही सगळेच.